पोस्त कुणाला द्यायची?

गेल्या दिवाळीच्या आधीच्या रविवारी आमच्या सोसायटीची सभा होती. गच्चीवर सतरंज्या अंथरल्या होत्या, चहाचे कप फिरत होते, आणि विषयपत्रिकेवरचा शेवटचा विषय होता दिवाळीची पोस्त. हा विषय दरवर्षी पाच मिनिटांत उरकतो. पहारेकरी, झाडूवाली, कचरा नेणाऱ्या ताई, पेपरवाला, दूधवाला, पोस्टमन अशी यादी खजिनदार वाचून दाखवतात, आकडे गेल्या वर्षीचेच ठेवायचे असे ठरते, आणि सभा संपते. त्या दिवशी मात्र पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी सहज विचारले, "आणि पार्सलवाल्या मुलांचं काय?"

क्षणभर कोणी बोलले नाही. मग खजिनदार हसून म्हणाले, "अहो वहिनी, तिथं रोज नवा माणूस येतो. पोस्त द्यायची कुणाला?"

सभा हसली. मीही हसलो. सोसायटीचा चिटणीस मीच, म्हणून इतिवृत्तात "सदर विषयावर निर्णयाची आवश्यकता नाही" असे वाक्यही मीच लिहिले. त्या वाक्याचे प्रायश्चित्त म्हणून हा लेख. आमच्या सभासदांनी रागावू नये. आणि रागावायचेच असेल तर वाचून रागवावे.

आधी पोस्त म्हणजे काय ते ठरवू, कारण हल्ली हा शब्दच मागे पडत चालला आहे आणि त्याच्या जागी 'टिप' येऊन बसली आहे. माझे बालपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेले. दिवाळी जवळ आली की वडील जमाखर्चाची वही काढून बसत आणि एका पानावर वरपासून खालपर्यंत नावे लिहीत. त्यांत पोस्टमनचे नाव पहिले. मनिऑर्डर आणणारा तोच, परीक्षेचा निकाल आणणारा तोच, आणि मुलीच्या सासरची खुशाली आणणाराही तोच. 'पोस्त' आणि 'पोस्ट' हे शब्द एकाच घरातले असावेत अशी मला लहानपणी खात्रीच होती. आई त्याला ओट्यावर बसवी, पाणी देई, आणि चिवड्याच्या पुड्याबरोबर ठरलेले पैसे हातात ठेवी. त्याच यादीतले शेवटचे नाव संडास साफ करणाऱ्या माणसाचे असे. त्याला मात्र मागच्या दारी उभे करून पैसे वरून हातावर टाकत. जुने ते सारे सोने म्हणणाऱ्यांनी वहीतली ही ओळ खोडू नये.

तर अशी ही पोस्त. भीक दयेपोटी देतात, लाच काम होण्याआधी देतात, बक्षीस खूश होऊन देतात. पोस्त या तिन्हींहून वेगळी. वर्षभर एक माणूस आपल्या दारी आला, त्याच्या कामाची किंमत कोणी ना कोणी चुकती केली, पण पावसातून येण्याची, वेळ सांभाळण्याची, वस्तू जपून आणण्याची काही बाकी राहिलीच. ती बाकी सणाच्या दिवशी फेडायची. म्हणूनच जुना दूधवाला पोस्त मागताना ओशाळत नसे. आपलीच रक्कम मागितल्यासारखा तो उभा राही.

आता खजिनदारांचा आक्षेप घेऊ. रोज नवा माणूस येतो, असे ते म्हणाले. सभेनंतर मी एक उद्योग केला. आमच्या फाटकावर पहारेकऱ्याची वही असते. येणाऱ्या प्रत्येकाने त्यात नाव लिहून सही करायची. मी एका महिन्याच्या माझ्या घरच्या नोंदी उतरवून काढल्या. एकवीस पार्सले आली होती. त्यांतली बारा एकाच मुलाने आणलेली, सहीचे वळण एकच. बारा वेळा तो माझ्या दारात उभा राहिला होता, आणि रस्त्यात भेटला असता तर मी त्याला ओळखले नसते. आमच्यातला सारा संवाद चार आकड्यांचा. तो म्हणे "ओटीपी?", मी आकडे सांगे आणि दार लावून घेई.

तेराव्या वेळी मी त्याला थांबवले. तो म्हणाला, "काका, लवकर सांगा, अजून साठ द्यायची आहेत." मुलगा परभणीकडचा. सकाळपासून पार्सले वाटायची आणि रात्री नवी पेठेतल्या अभ्यासिकेत बसून एमपीएससीचा अभ्यास करायचा, असा त्याचा क्रम. पैसे नगावर. गाडी त्याची, पेट्रोल त्याचे. दार बंद मिळाले तर पार्सल परत न्यायचे, आणि परत नेलेल्या पार्सलाचा पैसा नाही. हे ऐकताना माझे लक्ष आमच्याच दाराकडे गेले. तिथे सुवाच्य अक्षरांत पाटी आहे: 'दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये.' आपल्या पुणेरी पाट्यांचे आपण केवढे कौतुक करतो! ही पाटी त्या मुलाला प्रत्येक वेळी एका नगाच्या मजुरीला पडत होती, हे मला कधी सुचले नव्हते.

जाताना तो जिन्याकडे वळला. मी म्हटले, "अरे, लिफ्ट आहे की." तो थांबला. "खाली पाटी आहे ना काका, डिलिव्हरीवाल्यांनी लिफ्ट वापरू नये म्हणून. तुमचीच सही आहे. रोज वाचतो मी तुमचं नाव."

मी चौथ्या मजल्यावर राहतो. त्या दिवशी त्याने दहा किलो पिठाची पिशवी आणली होती. माझे नाव त्याला पाठ होते. त्याचे मला ठाऊक नव्हते.

दुसरा आक्षेप असा, की कंपनी त्यांना पैसे देते, मग आपण का द्यावे? हा आक्षेप आमच्या सभेत पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांनी घ्यावा, याचे मला विशेष वाटते. पगार कंपनी देतच होती, तरीही दिवाळीच्या बोनससाठी याच मंडळींनी गेट मीटिंगा घेतल्या होत्या ना? १९६५ च्या कायद्याने बोनसला आधार दिला, आणि पुढे किमान बोनस ८.३३ टक्के झाला, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा. पार्सलवाल्या मुलाला तो लागू नाही, कारण कागदोपत्री तो नोकरच नाही. तो 'पार्टनर' आहे! नफ्यात वाटा नाही, तोट्यात मात्र पेट्रोल त्याचे. अशी भागीदारी लक्ष्मी रस्त्यावरच्या एकाही दुकानदाराने पत्करली नसती.

आणि हे काही आपल्याला परके नाही. मुंबईचे डबेवाले बहुतेक आपल्याच जिल्ह्यातले. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावचे. १८९० पासून हा व्यवसाय चालू आहे. दिवाळीला ते गिऱ्हाइकाकडे एका महिन्याचे जादा पैसे मागतात, आणि त्यात कोणाला लाचारी वाटत नाही. इंग्लंडात नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, पोस्टमनला आणि सामान पोचवणाऱ्या पोरांना 'ख्रिसमस बॉक्स' देण्याची जुनी रीत आहे. पोचवणाऱ्याची सणात आठवण ठेवावी, एवढे शहाणपण निरनिराळ्या देशांना आपापल्या वाटेने सुचले आहे.

तिसरा आक्षेप माझ्या पुतणीचा, आणि तो खरा आक्षेप आहे. ती म्हणाली, "काका, तुम्ही पन्नास रुपये देऊन कंपनीची जबाबदारी आपल्या अंगावर घेताय. मग कंपनी म्हणेल, गिऱ्हाईक देतंयच की!" हे मला मान्य आहे. अमेरिकेत बक्षिसावर काम करणाऱ्या नोकराचे केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून तासाला २ डॉलर १३ सेंटवर अडून बसले आहे. बाकीचे गिऱ्हाइकाच्या मर्जीवर! देणाऱ्याच्या मर्जीवर जगणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राला अमेरिकेकडून शिकण्याची गरज नाही. बलुत्याचा वाटा नावाला हक्काचा होता, पण मापे घालणारा हात पाटलाचा. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक आणले ते याचसाठी, की गावच्या मर्जीच्या तुकड्यांऐवजी कामाचा रोख मोबदला मिळावा.

म्हणून मी स्पष्ट लिहितो: पोस्त ही मजुरी नव्हे, आणि मजुरीच्या जागी ती कोणी पुढे करील तर ती फसवणूक आहे. नीती आयोगाच्या अहवालाप्रमाणे २०२०-२१ साली असे नगावर आणि खेपेवर काम करणारे देशात ७७ लाख होते. राजस्थानने २०२३ साली त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. केंद्राची २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ ला अमलात आली. कंपन्यांनी उलाढालीचा १ ते २ टक्के भाग या कामगारांच्या निधीत भरावा, अशी तरतूद तिच्यात आहे. ती कागदावरून त्या मुलापर्यंत पोचते की नाही, हे विचारणे आपले काम आहे. पण पुतणीला माझे एवढेच उत्तर आहे: कायदा पोचेपर्यंत जिना त्यालाच चढायचा आहे. सरकारला पत्र लिहिणाऱ्याने पाण्याचा पेला देऊ नये, असे थोडेच आहे?

मात्र द्यायचे ते हातात द्यावे. ॲपवर बटण दाबून दिलेली टिप वाटेत कुठे जिरेल याचा नेम नाही. अमेरिकेत ॲमेझॉनने चालकांना मिळालेल्या टिपांचा काही भाग त्यांच्या कबूल केलेल्या मोबदल्यातच वळता केला, असा सरकारी व्यापार आयोगाचा आरोप होता. २०२१ साली कंपनीने ६ कोटी १७ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवले. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये त्याच कंपनीने ग्राहकांसाठी सोय केली, की घरातल्या यंत्राला 'माझ्या चालकाचे आभार मान' असे सांगावे. पहिल्या दहा लाख आभारांमागे चालकाला प्रत्येकी ५ डॉलर मिळतील. पैसे मिळाले त्या चालकांचा मला आनंदच आहे. पण दारात उभ्या असलेल्या माणसाचे आभार यंत्राकरवी मानायचे, म्हणजे पाहुणा समोर बसलेला असताना त्याला पोस्टकार्ड टाकण्यापैकीच!

मग मी काय केले? लिफ्टची पाटी त्याच आठवड्यात काढली. दोघा सभासदांनी लेखी निषेध नोंदवला. तो दप्तरी आहे. पोस्तीचे मात्र मी मनाशी ठरवले की दिवाळी आता होऊन गेली, तर पुढच्या पाडव्याला त्या मुलाला घरात बोलावून, फराळाचे ताट समोर ठेवून, रीतसर पाकीट द्यायचे.

जूनपासून तो यायचा थांबला. दुसरा मुलगा येऊ लागला. त्याला विचारले, तर पहिल्याविषयी त्याला काही ठाऊक नव्हते. परीक्षा पास झाला, गावी गेला, की दुसऱ्या पेठेत पार्सले वाटतो आहे, कोण सांगणार? फाटकावरच्या वहीत त्याच्या सह्या आहेत, आणि त्याची पोस्त माझ्याकडे राहून गेली आहे.

खजिनदार म्हणाले त्यात एवढे खरे होते. जुना पोस्टमन त्याच आळीत वर्षानुवर्षे येई, म्हणून पोस्त वर्षाची असू शके. या मुलांना वर्षभर एका जागी टिकू देईल अशी नोकरीच राहिलेली नाही, म्हणून त्यांची पोस्त पाडव्यापर्यंत उधार ठेवता येत नाही. आज आला, त्याला आज द्यावी.

यंदाच्या सभेत मी तीन ठराव मांडणार आहे. फाटकाजवळ पिण्याच्या पाण्याचा माठ आणि एक बाक ठेवावा. दुपारी बेल वाजवणे नको असेल त्याने दाराबाहेर पार्सलासाठी पेटी ठेवावी, म्हणजे मुलाची खेप फुकट जाणार नाही. आणि पोस्तीच्या वर्गणीतला एक हिस्सा पाकिटे करून पहारेकऱ्याजवळ ठेवावा. दिवाळीच्या चार दिवसांत जो पार्सल घेऊन येईल त्याला ते, लाडू-चिवड्याच्या पुड्यासह, नाव विचारून द्यावे. ठराव नामंजूर झाले तर माझ्या घरापुरते मी ते मंजूर केले आहेत.

वाचकहो, हा अंकही तुमच्यापैकी कित्येकांच्या हाती अशाच एखाद्या मुलाने आणून दिला असेल. तो खाली फाटकापर्यंत पोचला नसेल, तर एक हाक मारा.