जंगल आपलं, मग आग कुणाची?



2006 च्या वनहक्क कायद्यातल्या कलम 5 नं जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला. सामूहिक दाव्यासाठी आपण मोर्चे काढले, रात्र रात्र बैठका घेतल्या. पण मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवायची रीत अजून पुष्कळ गावांत आहे. ती आग झाडाखाली थांबत नाही. रोपं जळतात, पाखरांची अंडी जळतात. मोहाची म्हातारी झाडं उभी आहेत, लहान झाड शोधून सापडत नाही. उद्या पोरं काय वेचणार?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला 2012 साली सामूहिक हक्क मिळाला. तेंदूपानासाठी फांद्या छाटतात, आगी लावतात, म्हणून तिथल्या ग्रामसभेनं पानं तोडणंच बंद केलं. हातात येणारा पैसा सोडला, बांबूवर कमाई उभी केली.

आम्ही म्हणतो, मोहाखालचा पाला झाडून काढा, जाळी अंथरा. वेळ लागतो, लागू दे. फुलं पडायच्या आधी ग्रामसभेत ठराव घ्या: मोहाखाली काडी लावायची नाही. जंगल आम्ही राखतो, असं वनखात्याला ठणकावून सांगायचं, तर आधी ते खरं असलं पाहिजे.