मदत अंगणापर्यंत जावी

डहाणूच्या किनाऱ्यावरील चिकूच्या वाड्या मागें टाकून तलासरीच्या बाजूस निघालें, म्हणजे सलग वस्तीचीं गांवें संपतात व विखुरलेले पाडे लागतात. पावसाळा सरला कीं तेथील पुष्कळ धडधाकट मंडळी वीटभट्ट्यांवर कामास जाते. घरीं उरतात तीं म्हातारीं माणसें.

त्यांच्यासाठीं सरकारी मदत मुळींच नाहीं, असें नव्हे. पासष्टी गांठलेल्या निर्धनांसाठीं श्रावणबाळ योजनेचें निवृत्तिवेतन आहे. २०२३ मध्यें तें दरमहा १५०० रुपये झालें. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गांठलेल्या प्रत्येकास, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वयवंदना कार्डावर रुग्णालयांतील उपचारांची वर्षास ५ लाख रुपयांपर्यंत सोय आहे. १४५६७ या दूरध्वनीवर वृद्धांस विनामूल्य सल्लाही मिळतो. परंतु जिला आपली जन्मतिथिच ठाऊक नाहीं, अशा वारली म्हातारीस वयाचा दाखला कोणीं मिळवून द्यावा? अर्ज कोणीं लिहावा? तहसील कचेरीपर्यंत तिला कोणीं न्यावें?

याचें उत्तर डहाणू तालुक्यानें पूर्वींच दिलें आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. पुढें तें कोसबाडच्या टेकडीवर गेलें. मुलें शाळेंत येईनात, तेव्हां त्यांनीं मुलांस दोष न देतां शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. अंगणवाडी ती हीच. वृद्धांसही हाच न्याय लावावयास नको काय?

आतां आपल्या घराकडे पाहूं. जन्मभर कचेरींत अर्ज तपासलेले आजोबा आज वर्तमानपत्र दोनदां वाचतात, तरी त्यांची दुपार सरत नाहीं. भरल्या घरांतही माणूस एकटा पडतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ मध्यें सामाजिक संबंधांविषयीं खास आयोग नेमला, तो एकटेपणा प्रकृतीस बाधतो म्हणूनच.

तेव्हां आमची सूचना साधी आहे. पाड्यापाड्यांवर फिरणाऱ्या आशा सेविकेस भेटून, ज्यांस वेतन मिळत नाहीं अशा म्हाताऱ्यांचीं नांवें विचारावीं. आजोबांनीं अर्ज लिहावेत, घरांतील तरुणानें त्या वृद्धांस कचेरींत न्यावें, व पहिलें वेतन हातीं पडेपर्यंत पाठपुरावा सोडूं नये. एकास आधार मिळेल, दुसऱ्यास उद्योग.

आरंभासाठीं दूर जावयास नको. आपल्याकडे धुणेंभांडीं करणाऱ्या बाईंच्या आईस हें वेतन मिळतें काय, हें आपण कधीं विचारलें आहे?