खेळ शिकविणाराचा पेशा

गेल्या पालकसभेच्या दिवशीं एका गृहस्थांनीं मला व्हरांड्यांत गांठून विचारिलें, "मास्तर, तुमचे ते बास्केटबॉलचे सर मुलांना खेळ शिकवितात हें ठीक; पण त्यांचा मूळ व्यवसाय कोणता?" प्रश्न सद्‍भावनेचा होता. मीं "हाच" असें उत्तर दिलें, तेव्हां त्यांच्या मुद्रेवर जें आश्चर्य उमटलें त्यामुळेंच हा लेख लिहिण्यास मी प्रवृत्त झालों. गणित शिकविणारास मूळ व्यवसाय विचारल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं.

हा खेळच मुळीं एका शिक्षकानें अडचणींत सांपडून काढिलेला आहे. जेम्स नेस्मिथ हा १८६१ सालीं कॅनडांत जन्मला. लहानपणींच तो पोरका झाला. पुढें धर्मशास्त्राचें शिक्षण त्यानें पुरें केलें, पण व्यासपीठ सोडून व्यायामशाळा पत्करिली. १८९१ च्या हिवाळ्यांत, अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेंत, कवाईतीस कंटाळलेल्या अठरा दांडग्या विद्यार्थ्यांचा वर्ग त्याच्या गळ्यांत पडला. वरिष्ठांनीं नवा खेळ शोधण्यास चौदा दिवसांची मुदत दिली. नेस्मिथनें तेथील शिपायाकडून पीच फळांच्या दोन टोपल्या मिळविल्या, त्या दहा फूट उंचीवरील सज्जास ठोकल्या व तेरा नियम लिहून काढिले. पुढें १८९८ पासून तो कॅन्सस विद्यापीठांत शिकवूं लागला. तेथें त्याच्या संघानें ५५ सामने जिंकले व ६० गमावले. त्या विद्यापीठाच्या सर्व प्रशिक्षकांत विजयांहून पराजय अधिक असलेला असा हा एकटाच, आणि तो खुद्द खेळाचा जनक!

मग त्याची कारकीर्द फुकट गेली म्हणावी काय? त्याच कॅन्ससमध्यें जॉन मॅक्लेंडन नांवाचा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. वर्णामुळें त्यास विद्यापीठाच्या संघांत जागा नव्हती. नेस्मिथनें त्यास शिष्य केलें व प्रशिक्षकाचा पेशा शिकविला. पुढें मॅक्लेंडन नॉर्थ कॅरोलायनांतील डरॅम येथील, आपल्याच समाजाच्या एका लहान कॉलेजांत प्रशिक्षक झाला. त्या राज्यांत दोन वर्णांच्या संघांनीं एकत्र खेळणें वर्ज्य होतें. तरी १९४४ च्या मार्च महिन्यांत एका रविवारीं सकाळीं, सारें गांव उपासनेस गेलें असतां, त्यानें ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेंतील गोऱ्या विद्यार्थ्यांचा संघ बोलाविला, दारें लावून घेतलीं आणि सामना खेळविला. त्याचीं मुलें ८८ विरुद्ध ४४ अशीं जिंकलीं. नंतर दोन्ही संघ मिसळून पुन्हां खेळले, आणि मला वाटतें, मोठी गोष्ट ती हीच. शब्बाथ मोडला हें खरें. पण त्यांस दोष देण्यास माझें मन धजत नाहीं. पुढें १९५७, १९५८ व १९५९ अशीं लागोपाठ तीन वर्षें लहान कॉलेजांचें राष्ट्रीय विजेतेपद मॅक्लेंडनच्या संघानें मिळविलें. नेस्मिथच्या हिशेबवहींत हे विजय कोठेंच नोंदलेले नाहींत.

इतक्या दूर जाण्याचेंही कारण नाहीं. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनीं मुंबईंत, नागपाड्याच्या दाट गरीब वस्तींत, नेबरहुड हाऊस काढिलें. टाटांची समाजकार्य शिकविणारी सुप्रसिद्ध संस्था १९३६ सालीं प्रथम तेथेंच भरली. त्या गल्ल्यांत बास्केटबॉल असा रुजला कीं, तेथील अब्बास मुन्तसिर भारताचे कर्णधार झाले व १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांस मिळाला. तेथील महापालिकेच्या मैदानास मात्र नांव आहे तें मुलांना खेळ शिकविणाऱ्या बच्चू खान यांचें. हें मला फार योग्य वाटतें. आपल्या पुण्याची शिरीन लिमये भारतीय महिला संघाची कर्णधार झाली याचा आपणां सर्वांस आनंद आहे. पण चेंडू कसा धरावा हें तिला प्रथम कोणी दाखविलें, तें आपणांपैकीं कितीजण सांगूं शकतील?

अमेरिकेंत १९०१ पासून दोन वर्षांचीं लहान कॉलेजें निघालीं. तेथील प्रशिक्षकाकडे मुलगा कच्चा येतो, दोन वर्षें शिकतो, आणि हात बसला न बसला तोंच मोठ्या विद्यापीठांत जातो. नांव होतें तें तिकडच्या प्रशिक्षकाचें. आपल्याकडील अकरावी-बारावीच्या ज्युनिअर कॉलेजांत हीच स्थिति आहे. त्यांतही दोन वर्षांपैकीं एक परीक्षा गिळून टाकते. आंतरराष्ट्रीय यशावर नजर ठेवून दिला जाणारा द्रोणाचार्य पुरस्कार अशा शिक्षकापर्यंत पोंचावा कसा? (एकलव्याचा अंगठा मागणाऱ्या गुरूचें नांव त्या पुरस्कारास कां, हा प्रश्न माझा वर्ग दरवर्षीं विचारतो. मी अद्याप निरुत्तर आहें.)

पालकहो, आतां थोडें स्पष्ट बोलतों. दहावीचें वर्ष लागलें कीं मुलास मैदानावरून उचलावयाचें, आणि निकालापूर्वीं सवलतीच्या क्रीडागुणांसाठीं प्रमाणपत्र मागण्यास त्याच शिक्षकाकडे यावयाचें, हें बरें दिसत नाहीं. अभ्यास आधीं, हें मलाही मान्य आहे. शंभरांतील नव्याण्णव मुलें खेळावर पोट भरणार नाहींत. परंतु गेल्या हिवाळ्यांत सामना हरल्यावर जी मुलगी कोपऱ्यांत रडत बसली, तिच्याजवळ पाऊण तास कोण बसलें होतें? आम्ही वर्गशिक्षक तेव्हां घरीं पोंचलों होतों.

शाळांचाही दोष आहेच. मी पूर्वीं ज्या एका शाळेंत होतों, तेथें प्रशिक्षकास जून ते मार्च एवढ्यापुरतेंच नेमीत. शिबिर मात्र मे महिन्यांत त्याच्याकडूनच, बिनपगारी, करवून घेत. १९२० सालीं हॅरी बक यांनीं मद्रासेस शारीरिक शिक्षणाचें कॉलेज काढिलें, तें ह्या कामास शिकलेला शिक्षक लागतो म्हणून. शंभर वर्षें लोटलीं, तरी आपण त्यास हंगामी गडी समजतों. बारमाही वेतन आणि शिक्षकांच्या खोलींत एक खुर्ची, एवढें तरी प्रत्येक शाळेनें द्यावें, असें माझें आग्रहाचें म्हणणें आहे.

ह्या अंकांतील शिक्षकवृंदाच्या छायाचित्रांत आमचे बास्केटबॉलचे सर दिसणार नाहींत. छायाचित्र अकरा वाजतां काढिलें, आणि ते सकाळीं साडेसहास येऊन साडेआठास दुसऱ्या शाळेंत शिकविण्यास निघून जातात. पुढील वर्षीं तें सात वाजतां काढावें, अशी लेखी विनंति मीं मुख्याध्यापकांस केली आहे.