दिव्यांची जबान आणि दुकानदाराचा पैसा

हिंगोली, वसमत, परभणीच्या बाजारात कापडाचे नवे शोरूम उघडले की फर्निचरच्या खालोखाल खर्च दिव्यांवर होतो. या खर्चाला माझा विरोध नाही. कापडाचा धंदा निम्मा उजेडाचा धंदा आहे. पिवळ्या दिव्याखाली एक रंग दिसतो, घरी उन्हात साडी उघडली की दुसराच निघतो. मग गिऱ्हाईक परत येते आणि आपली पत जाते. म्हणून हवा तेव्हा पिवळसर, हवा तेव्हा दिवसासारखा पांढरा होणारा दिवा कोणी बसवीत असेल तर ते शहाणपणाचेच आहे.

अडचण पुढे आहे. हे नवे दिवे नुसत्या बटनावर चालत नाहीत, ते हुकूम ऐकतात आणि प्रत्येकाची जबान निराळी असते. छतातले दिवे ‘डाली’वर, शोकेसमधले बिनतारी ‘झिगबी’वर, दर्शनी बाजूचे रंगीत दिवे मंडप-स्टेजवाल्यांच्या ‘डीएमएक्स’वर. तीन ठिकाणांहून माल घेतला की तीन रिमोट हातात येतात. तक्रार केली की विकणारा सांगतो, ‘शेठ, मध्ये एक गेटवे लावा, सगळे एक होईल.’

गेटवे म्हणजे तर्जुमान. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, वही मराठीत लिहिली आणि सुरतच्या आडत्यांशी हिंदीत बोललो, तेव्हा तर्जुमा काय चीज आहे हे आम्हाला कोणी शिकवायला नको. शब्द पोहोचतो, मतलब पुरा पोहोचेलच असे नाही.

उदाहरण घ्या. डीएमएक्स 1986 साली अमेरिकेत नाटकाच्या रंगमंचासाठी ठरले. एका तारेवर 512 चॅनेल, प्रत्येकात 0 ते 255 आकडा. साध्या एलईडी दिव्याला 128 सांगितले की साधारण निम्मा उजेड. डालीत 254 पायऱ्या आहेत, पण डोळ्याला उजेड जसा भासतो त्या हिशेबाने त्या आखलेल्या आहेत. तेथे 170 ला जेमतेम दहा टक्के आणि निम्म्या उजेडासाठी 229 लागतात. आता गेटवेने 128 हा आकडा तसाच पुढे ढकलला तर निम्म्याच्या जागी तीन टक्के उजेड मिळेल! दुकानदार म्हणतो दिवे खराब, वायरमन म्हणतो माल खराब. खराब काहीच नाही, तर्जुमा चुकला आहे.

वेगाचेही तसेच. डीएमएक्स सेकंदाला अडीच लाख बिट पाठवते, डाली फक्त 1200. लग्नाच्या हॉलमधला नाचता उजेड गेटवेतून छतातल्या डाली दिव्यांवर नेण्याचा हट्ट कोणी केला तर दिवे मागे मागेच पडणार. ज्याचे काम त्याच्याकडेच राहू द्यावे. दुकानासाठी डाली पुरेशी आहे. दोन तारा, एका लाइनवर 64 ड्रायव्हर.

आपल्या कापडवाल्यांच्या दृष्टीने तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पुष्कळ स्वस्त गेटवे चालू-बंद आणि कमी-जास्त एवढाच हुकूम पुढे नेतात. पिवळा-पांढरा करण्याचा हुकूम मध्येच गळतो. म्हणजे ज्या गुणासाठी जादा दाम मोजला तोच हाती लागत नाही. सौदा करण्यापूर्वी विचारा, रंग बदलण्याचा हुकूम पलीकडे जातो का? आणि दिवा बिघडला तर खबर परत येते का? डालीत दिवा उत्तर देऊ शकतो. साध्या डीएमएक्समध्ये हुकूम एकाच बाजूने जातो.

आमच्या सिद्धेश्वरच्या लोकांना हे लवकर समजेल. पूर्णेवर वर येलदरी, खाली सिद्धेश्वर. येलदरीच्या वीजघरातून सुटलेले पाणी येथे अडते आणि येथून कालव्यांना जाते. वरच्याने सोडले एवढ्यावर भागत नाही, खालून ‘इतके आले’ असा निरोप वर गेला तरच दरवाजांचा हिशेब बसतो.

काही बंधू म्हणतील, एकाच कंपनीचा सगळा माल घ्यावा, कटकटच नको. मला हे पटत नाही. एप्रिल 2022 मध्ये अमेरिकेतील इन्स्टिऑन कंपनीने पूर्वसूचना न देता आपले सर्व्हर बंद केले आणि हजारो घरांतल्या दिव्यांचे मोबाइलवरचे नियंत्रण एका दिवसात गेले. पुढे काही जुन्या ग्राहकांनीच ती कंपनी विकत घेतली म्हणून निभावले. आपल्यापैकी कोण कंपनी विकत घेणार आहे? खुल्या मानकाचा माल दोन पैसे महाग पडला तरी घ्यावा, कारण उद्या दुसऱ्या कंपनीचा ड्रायव्हर त्याच तारेवर बसतो. ऑक्टोबर 2022 मध्ये ‘मॅटर’ नावाचे मानक बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी मिळून आणले. घरासाठी ते चांगले आहे. मात्र डालीचे दिवे त्याला जोडायचे तर तेथेही मध्ये पूल लागतोच.

आता कारीगर बंधूंसाठी. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन, वायरमन होऊन आपली मुले बाहेर पडतात, तारा ओढतात आणि रोजी घेतात. दिव्यांना पत्ते देण्याचे, गट पाडण्याचे काम मात्र पुण्याहून आलेला इंजिनिअर लॅपटॉपवर दोन तासांत करतो आणि त्यांच्या आठवड्याच्या रोजीइतके बिल लावतो. हा हुनर शिकण्यासारखा आहे. डीएमएक्सच्या शेवटच्या दिव्यावर 120 ओहमचा रेझिस्टर का लावतात, डालीच्या तारा बारीक दिसल्या तरी त्यांना मेनच्या तारेसारखेच इन्सुलेशन का लागते, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. नांदेड-परभणीकडे अशी दोन-चार मुले तयार झाली तरी कामाला तोटा नाही.

दुकानदारांनी एवढे करावे. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी कोणत्या दिव्याला कोणता पत्ता दिला त्याची यादी कागदावर आणि गेटवेचा पासवर्ड मागून घ्यावा. मग इंटरनेट बंद करून भिंतीवरचे बटन दाबावे. दिवे लागले तर पैसे द्यावेत.