आईला कळवायचं कुणी?

केट ल्युअर्ड या इंग्रज परिचारिकेची पत्रं वाचताना जाणवतं ते हे, की बाई स्वतःबद्दल फार थोडं लिहिते. एसेक्समधल्या बर्च गावच्या पाद्र्याची ही मुलगी, तेरा भावंडांतली एक. पहिलं महायुद्ध पेटल्यावर १९१४च्या ऑगस्टमध्ये ती फ्रान्सला निघाली तेव्हा बेचाळीस वर्षांची होती आणि बोअर युद्धातली शुश्रूषा गाठीशी होती. घरच्यांना लिहिलेल्या तिच्या पत्रांचं १९३० साली ‘अननोन वॉरियर्स’ (अनाम योद्धे) हे पुस्तक झालं. नावातच सगळं आलं. पत्रं तिची, पण त्यांत माणसं दिसतात ती तिच्या खाटांवरची.

१९१७च्या उन्हाळ्यात ती बेल्जियममध्ये ईप्रजवळ, ब्रँडहूकच्या ३२ क्रमांकाच्या रुग्णतळाची मुख्य सिस्टर होती. इथं मुख्यतः पोटाला जखम झालेले सैनिक येत. अशा जखमीला शस्त्रक्रिया लवकर मिळाली तरच आशा, म्हणून तंबू मुद्दाम आघाडीजवळ, तोफांच्या टप्प्यात ठोकलेले. ३१ जुलैला लढाई पेटली आणि पाऊसही कोसळू लागला. ४ ऑगस्टला डॉक्टर नोएल शावास इथंच गेला. जखमींना वाचवण्यासाठी दोनदा व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला माणूस. त्यातला दुसरा मरणोत्तर. २१ ऑगस्टला शेजारच्या तळावर तोफगोळा पडला आणि नेली स्पिंडलर ही सव्वीस वर्षांची परिचारिका ठार झाली. त्यानंतर तिथले तळ हलवावे लागले.

याच धामधुमीत केटला आणखी एक लिखाण करावं लागे: मेलेल्या मुलाच्या आईला कळवण्याचं. शेवटच्या घटकेला तो काय बोलला, त्याला कुठं पुरलं. ओळखपाळख नसलेल्या बाईला हे लिहायचं आणि त्याच हातानं आपल्या घरी खुशाली कळवायची. युद्धातलं हे काम मला शस्त्रक्रियेइतकंच मोलाचं वाटतं, पण त्याची नोंद कुणी फारशी ठेवली नाही. केटची घरची पत्रं तिच्या माणसांनी जपली, म्हणून आज आपल्याला एवढं तरी कळतं.

आपल्याकडच्याही किती मुली लष्करी नर्सिंग सेवेत गेल्या! कुणाची आत्या १९६५ साली, कुणाची मावशी १९७१ साली इस्पितळात जखमींजवळ उभी होती. त्यांची आंतरदेशीय पत्रं अजून एखाद्या ट्रंकेत असतील. घर आवरताना ती रद्दीत घालू नका. आधी वाचा, आणि आत्या-मावशी हयात असेल तर तिच्याजवळ बसून वाचा.