जिग घेताय? आधी ड्रॉवर मोजा

रीलमध्ये राउटर घुर्रकन फिरतो, कबुतराच्या शेपटीसारखे दाते कापले जातात, दोन फळ्या एकमेकींत चपखल बसतात आणि आपलं बोट थेट ‘बाय नाऊ’वर! थांबा जरा. वर्षाला ड्रॉवर किती करणार आहात?

एकाच मापाचे आठ-दहा करायचे असतील तर राउटरवरचा डव्हटेल जिग खुशाल घ्या. पण मूड लागला तर वीकेंडला एखादी पेटी, असा हिशोब असेल तर तो माळ्यावरच जाणार. कारण जिग लावला की झालं, असं नसतं. सगळा खेळ बिट किती खाली उतरवता यावर. सांधा सैल झाला तर बिट केसभर खाली, घट्ट झाला तर वर. हे जुळेपर्यंत दोन-चार टाकाऊ फळ्या जातात आणि सहा महिन्यांनी पुन्हा तेच. राउटर, बिट, गाइड बुशचा खर्च वेगळाच. आणि फ्लॅटमध्ये तो आवाज? शेजारचे काका बेल वाजवणारच.

माझं मत विचाराल तर हातकरवतीचा मॅग्नेटिक गाइड घ्या. छोटासा ठोकळा, पण त्यातलं लोहचुंबक करवतीचं पातं ठरलेल्या उतारावर धरून ठेवतं. पाइनसारख्या मऊ लाकडाला १:६, सागवानाला १:८. घेताना हा आकडा बघा. दात्यांमधलं लाकूड मात्र पटाशीनेच काढायचंय, तेव्हा वाचलेल्या पैशांतून आधी धारेचा चांगला दगड आणा.