ग्रंथकर्ता समोर असता वाचकाने मौन धरावे काय?

ग्रंथकर्त्यास बोलावून त्याच्या समक्ष त्याच्या ग्रंथाची चर्चा करण्याचा जो प्रघात आपल्याकडे पडला आहे, त्याचा विधी आता सत्यनारायणाच्या पूजेइतका ठरून गेला आहे. आधी प्रास्ताविक, मग शाल व श्रीफळ, मग दोन गौरवपर भाषणे, मग ग्रंथकर्त्याचे मनोगत, आणि आभारप्रदर्शनापूर्वी जी पाच मिनिटे उरतील त्यांत 'कोणास काही विचारावयाचे असल्यास' अशी घोषणा. कोणी काही विचारू नये अशीच ही घोषणा करणाराची मनातून इच्छा असते, आणि श्रोते सुजाण असल्यामुळे ते ती मोडीत नाहीत. कोणी धाडस केलेच तर 'ही कल्पना आपणांस कशी सुचली?' एवढे विचारून तो खाली बसतो. ह्या प्रकारास समारंभ म्हणण्यास आमची हरकत नाही. त्यास चर्चा हे नाव देण्यास मात्र आहे. आणि हा विधी जेव्हा विज्ञान-कादंबरीला लावला जातो, तेव्हा त्या वाङ्मयप्रकाराच्या मुळावरच घाव बसतो, हे आम्ही येथे दाखविणार आहो.

आमच्याविरुद्ध दोन पक्ष उभे राहतात. पहिला पक्ष म्हणतो की, कादंबरी ही प्रयोगशाळा नव्हे. कलाकृतीपुढे फूटपट्टी घेऊन उभे राहणे हे अरसिकपणाचे लक्षण होय. दुसरा पक्ष म्हणतो की, ग्रंथकर्ता हा त्या सभेचा पाहुणा. घरी आलेल्या पाहुण्यास त्याची चूक दाखविणे हा असभ्यपणा आहे. पहिला कलेच्या नावाने तोंड बंद करतो, दुसरा सौजन्याच्या नावाने; निष्पत्ती एकच. ह्या दोहोंस उत्तर म्हणून तर्कापेक्षा घडलेली एक गोष्टच पुढे ठेवणे अधिक बरे.

अमेरिकन कादंबरीकार लॅरी निव्हेन ह्याने १९७० साली 'रिंगवर्ल्ड' नावाची कादंबरी प्रसिद्ध केली. तीत एका ताऱ्याभोवती बांधलेले एक प्रचंड कडे कल्पिले आहे. त्याची त्रिज्या सुमारे १५ कोटी किलोमीटर, म्हणजे पृथ्वी सूर्यापासून जितकी दूर आहे जवळजवळ तितकी. रुंदी सुमारे १६ लाख किलोमीटर. आणि आतल्या बाजूस वस्तीला योग्य अशी जागा पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या सुमारे ३० लक्ष पट. गोफणीतला दगड फिरण्याच्या वेगामुळे जसा बाहेर ओढला जातो, तसे आतील माणसांचे पाय जमिनीस टेकून राहावेत म्हणून हे कडे सेकंदास सुमारे १,२४० किलोमीटर ह्या वेगाने स्वतःभोवती फिरत ठेविले आहे. असा ताण सोसणारा पदार्थ सृष्टीत कोठेही नाही; म्हणून निव्हेनने 'स्क्रिथ' नावाचा एक पदार्थ कल्पिला आणि पुढे चालू लागला. वाचकांनीही त्यास पुढे जाऊ दिले.

१९७१ च्या सप्टेंबरात बोस्टन शहरी विज्ञानकथांचे जागतिक संमेलन भरले. त्या संमेलनात ह्याच कादंबरीस वर्षातील उत्कृष्ट कादंबरीचे ह्यूगो पारितोषिक मिळाले. आणि त्याच संमेलनात, मॅसॅच्युसेट्स येथील विख्यात तंत्रशास्त्र-संस्थेचे विद्यार्थी हॉटेलाच्या बोळांतून 'रिंगवर्ल्ड अस्थिर आहे!' असा घोष करीत हिंडत होते. हे निव्हेननेच पुढे नमूद करून ठेविले आहे. एकाच मांडवात एका बाजूस पारितोषिक आणि दुसऱ्या बाजूस आक्षेप! आपल्याकडे असे झाले असते तर संयोजकांनी त्या मुलांस हळूच बाहेर नेऊन चहा पाजला असता.

विद्यार्थ्यांचा आक्षेप पोरकट होता काय? मुळीच नव्हे. ग्रह आपल्या ताऱ्याभोवती फिरतो तेव्हा तारा त्यास धरून ठेवतो. अखंड व ताठ कड्याचे तसे नाही. तारा बरोबर मध्यभागी असेल तोवर सर्व बाजूंचे आकर्षण समान असते; पण कडे तसूभर जरी एका अंगास सरकले, तरी जी बाजू ताऱ्याच्या जवळ गेली ती अधिक जोराने ओढली जाते, म्हणून आणखी जवळ जाते, म्हणून आणखी ओढली जाते, आणि अखेर सारे कडे ताऱ्यावर आपटते. शनीच्या कड्यांचा विचार करताना लाप्लासने अठराव्या शतकातच एकसारख्या घन कड्याचा हा दोष ओळखला होता. आणि मॅक्सवेलने १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात शनीची कडी अखंड नसून असंख्य सुट्या कणांची असली पाहिजेत असे गणिताने दाखवून दिले. शंभरांहून अधिक वर्षे ग्रंथालयात असलेले हे ज्ञान कादंबरीकाराच्या दृष्टीआड झाले, ते वाचकांनी त्याच्यापुढे ठेविले. ह्यात अरसिकता कोठे आली?

येथे पहिल्या पक्षाचा गोंधळ स्पष्ट होतो. त्या विद्यार्थ्यांनी 'स्क्रिथ असूच शकत नाही' असा घोष केला नाही, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. असा पदार्थ नाही हे त्यांना ठाऊक होते. पण ते गृहीत धरण्याचा अधिकार त्यांनी लेखकास आनंदाने दिला. त्यांनी हरकत घेतली ती गृहीत धरलेल्या गोष्टीवर नव्हे, तर तिच्यापासून निघणाऱ्या अनुमानावर. लेखकाने पदार्थाचे बळ बदलले होते, गुरुत्वाकर्षण बदलले नव्हते. मग जे बदलले नाही त्याचे परिणाम त्याने भोगलेच पाहिजेत. विज्ञान-कादंबरी वाचण्याची नीती ती हीच. एक अशक्य गोष्ट मागा, ती मिळेल. परंतु ती मिळाल्यावर पुढचे पाऊल मनास येईल तसे टाकू नका. हा भेद न पाळल्याने मोठमोठेही घसरले आहेत. एच. जी. वेल्सने चंद्रावर जाण्यासाठी गुरुत्वास अटकाव करणारा पदार्थ कल्पिला, तेव्हा वृद्ध ज्यूल व्हर्नने, आपण तोफ वापरतो आणि हा गृहस्थ नसलेला पदार्थ निर्माण करतो, अशी तक्रार १९०३ साली केली. पण ज्या तोफेने व्हर्न आपल्या प्रवाशांस उडवितो, तिच्या पहिल्याच धक्क्याने त्यांचा चेंदामेंदा व्हावयाचा! वेल्सची मागणी उघड होती, व्हर्नची चूक झाकलेली होती. कसोटी लावावयाची ती अशा झाकलेल्या चुकीस.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. आक्षेपाने ग्रंथकर्त्याचा अपमान होतो, असे ज्यांस वाटते त्यांनी निव्हेनने पुढे काय केले ते पाहावे. त्याने विद्यार्थ्यांस उद्धट म्हटले नाही, की 'ही केवळ कल्पना आहे' ह्या पडद्याआड तो लपला नाही. १९७९-८० च्या सुमारास त्याने 'रिंगवर्ल्ड एंजिनिअर्स' ही दुसरी कादंबरी प्रसिद्ध केली आणि वाचकांनी केलेल्या कामाचा तिच्या आरंभी मोकळेपणाने उल्लेख केला. ह्या कादंबरीत कड्याच्या काठावर, ते सरकू लागताच त्यास जागी ढकलणारी यंत्रे आहेत. परंतु तेथील रहिवाशांनी त्यांपैकी बहुतेक यंत्रे काढून आपल्या आकाशयानांस जोडली आहेत, आणि आता कडे खरोखरच ढळू लागले आहे. वाचकांनी दाखविलेली उणीव अशा रीतीने कथेचा प्राण झाली. पूर्वजांनी रक्षणार्थ उभारलेले साधन वंशजांनी त्याचा हेतू न समजता मोडून खावे, आणि सर्वनाश जवळ आल्यावर उरलेल्यांस वाचविण्यासाठी काही भागातील असंख्य जीव भाजून मरतील ह्या हिशेबाने कोणास तरी निर्णय करावा लागावा, ह्याहून गंभीर मानवी प्रसंग दुसरा कोणता? तो प्रसंग आला कोठून? हॉटेलाच्या बोळातील त्या घोषातून. गणिताने कला कोरडी होते म्हणणारांनी ह्याचे उत्तर द्यावे.

हे एकच उदाहरण नव्हे. फ्लॉरिडातील एका शाळेच्या वर्गाने असे ताडले की, ह्या कड्यावर पर्वत उचलून धरणाऱ्या भूगर्भातील हालचाली नसल्याने पावसाने वाहून गेलेली सुपीक माती कालांतराने सर्वच्या सर्व समुद्रात जाऊन बसेल. निव्हेनने दुसऱ्या कादंबरीत समुद्राच्या तळाचा गाळ काठावरून परत आणून टाकणारे नळ योजिले, आणि त्या गाळाचे पर्वत तयार झाले. शाळेतील मुले एका नामवंत लेखकाच्या सृष्टीस पर्वत देतात! पहिल्या कादंबरीच्या प्रथमावृत्तीत तर पृथ्वीच उलटी फिरत होती. नायक आपला वाढदिवस लांबविण्यासाठी पश्चिमेस जावयाचा तो पूर्वेस जात होता. ती चूक पुढील मुद्रणांत दुरुस्त झाली.

ह्याच्याही पूर्वी, १९५३ साली, हॅल क्लेमेंट ह्या लेखकाने 'मिशन ऑफ ग्रॅव्हिटी' ही कादंबरी मासिकातून क्रमशः प्रसिद्ध केली. तीतील मेस्क्लिन नावाचा ग्रह इतक्या वेगाने फिरतो की त्याचा दिवस अठरा मिनिटांहूनही थोडा लहान. विषुववृत्तावर वस्तूचे वजन पृथ्वीवरच्या तिप्पट, तर ध्रुवावर शेकडो पट. कथा चालू असतानाच क्लेमेंटने त्याच मासिकात एक लेख लिहून आपले सर्व गणित वाचकांपुढे उघडे केले. त्याच्या मते हा लेखक व वाचक ह्यांमधील एक खेळ होय: लेखकाने चूक टाळावयाची, वाचकाने ती शोधावयाची. पुढे इतरांनी अधिक बारकाईने हिशेब केला, तेव्हा ध्रुवावरचे वजन त्याने धरले होते त्याहून पुष्कळच कमी भरले. क्लेमेंटने ते मान्य केले. त्याची प्रतिष्ठा ह्याने कमी झाली नाही.

एक तिसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. लेखक समोर असला की तोच शेवटचा शब्द बोलतो, म्हणून खरी चर्चा त्याच्या पाठीमागेच व्हावी, असे काही विचारी लोक म्हणतात. ह्यात तथ्य आहे, पण त्याचा निष्कर्ष चुकीचा काढला जातो. आयझॅक अॅसिमोव्हने आपल्या आठवणींत एक प्रसंग सांगितला आहे. त्याच्या 'नाइटफॉल' ह्या १९४१ सालच्या कथेवर एक प्राध्यापक व्याख्यान देत असता तो मागे बसून ऐकत होता. व्याख्यानानंतर त्याने आपली ओळख दिली आणि कथेचा अर्थ तसा नाही असे सांगितले. तेव्हा, कथा तुम्ही लिहिली म्हणून तिच्यात काय आहे हे तुम्हांस कळलेच असेल असे कशावरून, अशा आशयाचे उत्तर त्यास मिळाले. उत्तर उर्मट असेल, खोटे नाही. लेखक हा सभेत न्यायाधीश नव्हे, साक्षीदार होय. साक्षीदारास घालवून देणे हा मूर्खपणा, आणि त्यालाच न्यायासनावर बसविणे हाही मूर्खपणा. त्यास विचारावे, उलट विचारावे, आणि निर्णय ग्रंथावरून करावा.

मराठीत ह्या गोष्टीची निकड अधिक आहे, आणि तिचे कारण अभिमानाचे आहे: आपल्या विज्ञानकथेचे काही प्रमुख लेखक स्वतः शास्त्रज्ञ. म्हणून वाचक असे समजतो की, शास्त्रज्ञाने लिहिले म्हणजे ते तपासण्याचे आपल्यास कारण उरले नाही. ही समजूत विज्ञानाच्या नावाने विज्ञानाचा गळा दाबणारी आहे; कारण माणसाचे नाव पाहून विधान मान्य करावयाचे नाही, हा तर विज्ञानाचा पहिला धडा. दिवंगत डॉ. जयंत विष्णु नारळीकर ह्यांनी तो आपल्यास पूर्वीच दिला होता. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठविली, ती स्वतःच्या नावाने नव्हे. आद्याक्षरे उलटी करून 'नारायण विनायक जगताप' ह्या नावाने. तेव्हा त्यांची कीर्ती जगभर झाली होती. नाव घातले असते तर पारितोषिक सोपे होते. त्यांनी नाव बाजूस ठेविले आणि कथा पुढे केली, आणि पारितोषिक कथेस मिळाले. ज्या लेखकाने परीक्षकांच्या डोळ्यांवर आपल्या नावाची झापड येऊ दिली नाही, त्याच्या परंपरेतील ग्रंथांची चर्चा आपण केवळ नावाकडे पाहून हात जोडून करावी, ह्यापरता त्याचा अनादर कोणता?

ह्याचा अर्थ वाचकाने दोषैकदृष्टी व्हावे असा नव्हे. जो आक्षेप घेईल त्याने आधी ग्रंथ संपूर्ण वाचला पाहिजे, लेखकाने उघडपणे मागितलेली गोष्ट त्यास दिली पाहिजे, आणि मग कागद-पेन्सिल घेऊन स्वतः हिशेब केला पाहिजे. घोष करणाऱ्या त्या विद्यार्थ्यांच्या पाठीशी गणित होते. नुसत्या घोषाची आपल्याकडे वाण नाही. तसेच, पुढचा ग्रंथ कोणता व कसा लिहावा हे ठरविण्याचा अधिकार वाचकांचा नव्हे. निव्हेनच्या वाचकांनी त्यास कथानक सांगितले नाही, केवळ 'असे असेल तर पुढे काय?' एवढेच विचारले. उत्तर शोधणे त्याचे काम होते व ते त्यानेच केले.

आपल्या जुन्या शास्त्रकारांस पूर्वपक्ष मांडल्यावाचून सिद्धांत सांगण्याची लाज वाटत असे. प्रतिपक्ष्याचे म्हणणे जितके बळकट मांडावे तितका आपला सिद्धांत भक्कम, अशी त्यांची श्रद्धा होती. ती श्रद्धा आपण सभागृहाच्या दाराशी चपलांबरोबर काढून ठेविली आहे. यापुढे विज्ञान-कादंबरीचा कर्ता सभेस येईल तेव्हा संयोजकांनी एवढेच करावे: ग्रंथ महिनाभर आधी वाचकांच्या हाती द्यावा, दोन वक्त्यांऐवजी हिशेब करून आलेल्या दोन वाचकांस बोलू द्यावे, आणि पाच मिनिटे समारंभास ठेवून उरलेला वेळ प्रश्नांस द्यावा. शाल अवश्य घालावी. ती घातल्यावर वाचकाने उभे राहून म्हणावे, 'महाराज, आपली सृष्टी आम्हांस फार आवडली. आता ती तोल कसा सांभाळते ते सांगा.'